झुवैनाचा गुरुवार

ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूर गावात, मुलींच्या शाळेत झुवैना खेळ शिकवते आणि मी गणित. ती मस्कतला कॉलेजात असताना वसतिगृहामागच्या मैदानात हिंदुस्थानी घरांतल्या मुली क्रिकेट खेळायच्या. एकदा चेंडू कुंपणापलीकडे आला. झुवैनाने तो असा फेकला, की त्यांनी तिला आतच बोलावून घेतलं.

सत्ताविसाव्या वर्षी ती ओमानच्या संघात आली. घरी अरबी बोलणारी तिथे ती एकटीच. मुली मायाळू होत्या; पण विनोद झाला की आधी सगळ्या हसायच्या, मग कुणीतरी तो तिला समजावून सांगायचं.

"समजावलेल्या विनोदावर किती हसणार गं?" ती मला म्हणाली होती.

पहिला सामना खेळून ती घरी आली तेव्हा मी तिथेच जेवायला होते. तिच्या आईने विचारलं, "जिंकलात?"

"हरलो. पण मी दोघींना बाद केलं."

"ते राहू दे. तू गोल किती केलेस?"

"आई, हिच्या खेळात गोल नसतो," धाकटा भाऊ म्हणाला. "दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि मध्येच चहा प्यायचा."

सगळे हसले. झुवैनाही हसली आणि पुढ्यातला भात-मासा अर्धा टाकून हात धुवायला उठली.

दोन वर्षांनी गुडघा दुखावला आणि खेळणं संपलं. तेव्हा तिने मुख्याध्यापिकेकडून दर गुरुवारी शाळा सुटल्यावरचा एक तास मागून घेतला. "माझ्यासोबत आपली एखादी असती तर मी टिकले असते," एवढंच ती बोलली. जहाजं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराने तिला यष्ट्या तासून दिल्या. पहिल्या गुरुवारी एकोणीस मुली आल्या, दुसऱ्या गुरुवारी चार.

त्या चौघींत शम्सा होती. तिच्या हातात उपजत फिरकी होती. झुवैनाने तिच्यावर तीन वर्षं घालवली. कित्येकदा मैदानात त्या दोघीच असायच्या. शेवटी मस्कतला मुलींच्या संघाची निवड चाचणी लागली. झुवैना स्वतः गाडी चालवत तिला घेऊन गेली. शम्साने झकास गोलंदाजी केली आणि तिची निवडही झाली.

परतीच्या वाटेवर कलहात गाव येईपर्यंत पोर खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाई, मी नाही जाणार तिथे."

"का गं? कुणी काही बोललं?"

"कुणीच काही बोललं नाही. जेवताना मी एकटीच बसले होते."

'पहिल्यांदा असंच होतं,' हे वाक्य झुवैनाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपल्या बाबतीत ते शेवटपर्यंत तसंच राहिलं, हे तिला ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांशी मी बोलेन."

शम्सा आता व्हॉलीबॉल खेळते. शाळेत समोर आली की नजर चुकवते, आणि झुवैनाही तिला थांबवत नाही.

या वर्षी गुरुवारी सहाजणी येतात. गेल्या आठवड्यात त्यांतल्या दोघी तापाने आल्या नाहीत, म्हणून तिने मला बोलावलं.

"नुसती त्या कोपऱ्यात उभी राहा. चेंडू आला तर अडव."

मी बावन्न वर्षांची बाई. अबायाचा काळा घोळ सावरत उभी राहिले. समुद्रावरून वारा सुटला होता. एक चेंडू थेट माझ्याकडे आला आणि बोटांतून निसटला. मुली खिदळल्या. झुवैनाने मला जरा डावीकडे सरकायची खूण केली आणि पुढचा चेंडू टाकायला मागे वळली.