वारसाने आलेला तोटा

नवरा जिवंत होता तोवर त्याचा तोटा माझा नव्हता. हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्याचा कूलर बनवायचा धंदा. ज्या वर्षी धंदा बुडाला, त्या वर्षी आमच्या टॅक्सच्या वकिलांना मी विचारलं होतं, की माझ्या पगारातून याचा तोटा वजा नाही का होत? एका घरात राहतो, एकाच कुकरमधला भात खातो. वकील हसले. म्हणाले, "मॅडम, भात एक असला तरी पॅन कार्डं दोन आहेत. त्यांचा तोटा त्यांच्या धंद्याच्या नफ्यातूनच वजा होणार. या वर्षी नफा नाही, तर पुढच्या वर्षी, नाही तर त्याच्या पुढच्या. आठ वर्षं पुढे ओढता येतो."

मग तो गेला, आणि धंदा वारसाने माझ्याकडे आला. त्याच्या मागोमाग तोटाही आला. जिवंतपणी जे माझं होऊ शकत नव्हतं ते मेल्यावर झालं. काय म्हणायचं अशा कायद्याला!

नागपुरात कूलरचा धंदा म्हणजे सगळा उन्हावर भरवसा. त्या वर्षी त्याने कधी नव्हे इतका पत्रा घेतला, मोटारी घेतल्या, घराला लागून असलेली टिनाची शेड लोखंडी कूलरांनी गच्च भरली. आणि एप्रिलमध्ये गारा पडल्या. मे महिनाही ढगाळच गेला, लोक रात्री पंखा बारीक करून झोपले. तो शेडच्या दारात उभा राहून आभाळाला शिव्या द्यायचा आणि मी त्याला. कोणी सांगितलं होतं इतका माल भरायला? मी चिडले होते आणि बरोबरच चिडले होते. पुढे बरेच कूलर येईल त्या भावात गेले.

विजेचं बिल आयुष्यात कधी वेळेवर न भरलेला हा माणूस, पुढच्या जुलैत मात्र वकिलांकडे खेटे घालत होता. कारण त्यांनी सांगितलं होतं, मुदतीच्या आत रिटर्न भरलं तरच तोटा पुढे ओढता येतो, एक दिवस उशीर झाला की गेला. भरून घरी आला तेव्हा स्वारी इतकी खुशीत, जशी काही लॉटरी लागली. पाणी पीत म्हणाला, "तोटा पक्का केला. आता याले वाया नको जाऊ देजो."

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास शेडमध्ये काम करताकरता त्याच्या छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी शाळा सोडली आणि त्याचा धंदा चालवायला घेतला. नातेवाईक म्हणाले, भैताड झाली का ही, लागलेली नोकरी कोणी सोडतं? पण माझ्या कानात ते एकच वाक्य घुमत होतं. दुसरं काही सांगूनच गेला नव्हता तो. लेकराची काळजी घे म्हणावं तर लेकरू नव्हतं. सांभाळायला दिला तो तोटा.

टॅक्सच्या साइटवर त्याचं जुनं रिटर्न पाहायला पहिल्यांदा गेले, तेव्हा पडद्यावर त्याचं नाव आलं आणि पुढे वेलकम बॅक. बाप्पा! परत आल्याबद्दल स्वागत कोणाचं करून राहिले हे? मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ त्याला हात लावला नाही.

त्याचा मोबाइल नंबरही मी बंद केला नाही. त्याच्या प्रत्येक कूलरवर तोच नंबर रंगवलेला, बंद केला असता तर धंदा बसला असता. फोन यायचे, "भाऊ आहेत का?" मी म्हणायचे, "बाहेर गेलेत, काम सांगा." पहिल्यांदा म्हटलं ते घाईत. पुढे तीच सवय झाली.

घरात मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले. ओट्यावर बसून माझी गिऱ्हाइकं न्याहाळायची आणि मागून नावं ठेवायची, हा त्यांचा दिवस. पहिल्या वर्षी रिटर्न भरून आले तेव्हा त्यांनी विचारलं, "निरंक झालं का वं?"

मी म्हटलं, "नाही मामाजी. बराच तोटा उरलाय. पुढे ओढला."

"काहून ओढला?" त्यांचा चेहरा उतरला. "बाकी हाये का त्याचं काम?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या केंद्रात शिफ्ट सुटताना रजिस्टरमध्ये लिहायचं, बिघाड काय, काम बाकी काय. काही नसलं की लिहायचं 'निरंक', आणि डबा उचलून घरी जायचं. काम अर्धवट असलं तर लिहायचं 'पुढे ओढले', आणि मग ज्याचं काम त्याला थांबावं लागायचं, पुढची शिफ्ट येऊन चढली तरी. निरंक लिहिल्याबिगर कोणाला फाटकाबाहेर सोडत नसत.

"मंग तो घरी कसा जाईन?" मामाजी म्हणाले.

मी हसले. अहो, हा टॅक्सचा हिशेब आहे, तुमच्या बॉयलरचा नाही, म्हणून खूप समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच विचारलं. निरंक झालं का वं? दर वर्षी मी नाही म्हणायचे, आणि दर वर्षी ते शेडकडे पाहायचे.

शेडमध्ये त्याने बनवलेला शेवटचा कूलर होता. जाड पत्र्याचा, हिरवा, भला मोठा. दुपारी ऊन शेडच्या मागच्या बाजूला सरकलं की त्याचा पत्रा तापायचा आणि टण् करून आवाज यायचा. भूगोल शिकवलाय मी, उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे मला कोणी सांगायला नको. पण आवाज आला की मामाजी वर पाहून म्हणायचे, "आला वाटते." सुरुवातीला मी त्यांच्यावर खेकसायचे. दोनेक उन्हाळे गेले आणि माझ्याच लक्षात आलं, की त्या वेळेला मी कुकरची शिटी होऊ देत नाही. कान तिकडेच असायचा माझा.

धंदा हळूहळू रुळावर आला. लग्नाच्या मंडपांना कूलर भाड्याने दिले, हिंगण्याच्या कारखान्यांच्या कँटीनमधल्या कूलरांच्या गवताच्या ताट्या बदलल्या, पंप दुरुस्त केले. नफा होऊ लागला, पण इतका बारका की त्यावर टॅक्स तसाही बसला नसता. तरी तोटा त्यात वजा व्हायचाच. मी वकिलांशी भांडले, की टॅक्सच नाही तर तोटा कशाला खर्ची घालता? ते म्हणाले, "आपल्या मर्जीने जपून ठेवता येत नाही, मॅडम. नफा झाला की आधी जुना तोटा वजा." म्हणजे मी कमावलं की तो थोडा कमी व्हायचा. दर वर्षी थोडा. मी आकडा ऐकायचे आणि विचारायचे, "अजून आहे ना?"

एकदा वकील चष्मा काढून म्हणाले, "बाकीचे लोक विचारतात, संपला का? तुम्ही विचारता, आहे ना. मला तर काही समजतच नाही."

मला समजत होतं. सगळ्या सरकारी कागदांवरून त्याचं नाव निघालं होतं. रेशन कार्डावरून, बँकेतून, मतदार यादीतून. एवढा एक आकडा होता, जो त्याने केला होता आणि जो दर वर्षी कोणीतरी मोठ्याने वाचून सांगायचं, की अजून बाकी आहे.

आठवं वर्ष लागलं. फेब्रुवारीत वकिलांनी सांगितलं, "या मार्चपर्यंतच्या नफ्यात बसला तेवढा बसला. उरेल तो लॅप्स. पुढच्या वर्षी ओढता येणार नाही." घरी येऊन मामाजींना सांगितलं. दिवाळीपासून त्यांची तब्येत पार उतरली होती, भिंत धरून चालायचे. पण ते ऐकून ताडकन उठून बसले.

"लॅप्स म्हंजे? काम बाकी ठेवून रजिस्टर बंद करून राहिले का? मंग त्याले सोडलं कोणं?"

"मामाजी, कायदाच तसा आहे."

"कायदा गेला उडत! असं अधांतरी नाही ठेवा लागत माणसाले. मले निरंक पाह्याचं हाये. त्याच्या पहिले मी नाही जात." त्या रात्री ते जेवले नाहीत. मी खूप मनवलं, ताट तसंच राहिलं.

बाकी फार नव्हती, पण मार्चही फार उरला नव्हता. आणि एक दिवस सावनेरचे एक गृहस्थ आले, घरी लग्न होतं त्यांच्या. नवे कूलर दाखवले, त्यांनी बोट दाखवलं त्या हिरव्यावर. "असा पत्रा आता भेटत नाही, बाई. तो द्या."

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी तो मागायचंच आणि मी नाही म्हणायचे. आताही म्हटलं, "तो विकायचा नाही."

"मंग ठेवला काहून?"

मी नव्या कूलरचा पंखा चालू करून दाखवला. त्यांनी भाव वाढवला. तो कूलर हिशेबात भंगाराच्या किमतीला धरलेला, म्हणजे विकला की जवळजवळ सगळाच नफा. आतून मामाजींच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "न्या." आणि लगेच वाटलं, काय करून बसलो आपण!

गाडीत चढवताना मी हमालांवर उगाच ओरडत होते. मागच्या पत्र्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. रंग वाळला का पाहायला त्याने दाबला असेल, आणि तो तसाच उमटून राहिला. "मागून धरू नका, मागून धरू नका," मी म्हणत होते. त्यांनी मागूनच धरला, नाही तर उचलणार कसा? मी बिल फाडून दिलं आणि गाडी वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन सरकलं. मामाजींनी वर पाहिलं, मीही पाहिलं. काहीच वाजलं नाही. मी उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

जुलैत वकिलांनी आकडे लावले. सगळा तोटा नफ्यात बसला आणि वर थोडा नफा राहिला. पुढे ओढायच्या तोट्याच्या रकान्यात त्यांनी शून्य टाकलं. "चला, यापुढे ओढायचं काही नाही." मी त्यांना म्हटलं, पावतीच्या मागे मराठीत लिहून द्या, मागील तोटा निरंक, आणि सही करा. ते हसायला लागले, मग माझ्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि लिहून दिलं.

मामाजींनी चष्मा लावून ते वाचलं. सहीवरून बोट फिरवलं. कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून म्हणाले, "झालं. जाऊ दे आता त्याले घरी."

मला वाटलं होतं, मलाही मोकळं वाटेल. कसलं काय! माझा भडका उडाला, आणि आजही आठवलं तर त्याची लाज वाटत नाही. "तुम्हाला बरं वाटलं, मामाजी. मला नाही वाटत. दर जुलैला कोणीतरी सांगायचं मला, अजून आहे म्हणून. आता मी कोणाला विचारू? तो गेला, आणि माझं काय?" मी लहान पोरीसारखी हमसून रडत होते.

त्यांनी मला रडू दिलं. मग हळूच म्हणाले, "त्याची शिफ्ट सुटली वं पोरी. तुई चालू हाये."

तेवढ्यात शेडमधला फोन वाजला, त्याच्या नंबरचा. मी पदराने तोंड पुसलं, जाऊन उचलला.

"भाऊ आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "ते वारले. काम सांगा, मी पाहते."