वर्षावनातला नैवेद्य

आमच्या आर्वीत उन्हाळ्यात ओले फडके दोरीवर टाकून पाठ फिरवावी, तोवर ते कोरडे होते. या अनुभवावर विसंबून, केरळातल्या वर्षावनाकडे निघताना मी अंगणातली तुळस खुडली, ताजी राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि निश्चिंत झालो. प्रवासात शाळिग्राम माझ्यासोबत असतो. तुळशीवाचून त्याला नैवेद्य दाखवता येत नाही, आणि नैवेद्य झाल्यावाचून मी अन्न घेत नाही.

सहल मुलाने ठरवली होती; आम्ही दोघे, तो, सून आणि नात असे निघालो होतो. साहसी कौटुंबिक सहल असे तिचे नाव होते. साहसात झुलत्या पुलावरून दरी ओलांडणे आणि दोराला लोंबकळत ओढ्यापलीकडे जाणे अंतर्भूत होते. जळवांचा उल्लेख नव्हता. त्या आपण होऊन आल्या. पहिल्याच सायंकाळी मी संध्येला बसलो असता एक जळू माझ्या घोट्यावर बसली. माझा जप पूर्ण होण्याआधी ती तृप्त होऊन उठली. आसन न मोडता बसण्याचा तिचा अभ्यास माझ्याहून चांगला होता. पत्नी मात्र फार प्रसन्न होती. आयुष्य वर्धा जिल्ह्याच्या उन्हात काढलेल्या तिला, सूर्य भुईपर्यंत पोचत नाही असे रान एकदा पाहायचे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून मी डबा उघडला. आत पाने नव्हती. काळा लगदा होता व त्यावर पांढरी लव आली होती. तुळस शिळी होत नाही, असे शास्त्र सांगते. शास्त्रकारांनी शिळेपणाचा विचार केला होता. बुरशीचा केलेला नसावा. पूजेतला एखादा उपचार नसला की त्याच्या जागी अक्षता वाहतात, परंतु शाळिग्रामाला अक्षता चालत नाहीत.

"बाबा, एवढ्या जंगलात एक तुळस नाही मिळणार?" सून म्हणाली.

तिचा प्रश्न रास्त होता. वाटाड्या शोधायला गेला आणि ओंजळभर पाने घेऊन आला. "साब, ये भी बहुत पवित्र है," प्रत्येक पानाविषयी तो म्हणाला. मी प्रत्येक पानाला नमस्कार करून ते बाजूला ठेवले. तुळशीला ऊन लागते, आणि तिथले ऊन उंच झाडांनी वरच्यावर वाटून घेतले होते. खालच्या गावात देऊळ होते, तिथे तुळस असणारच. पण रात्री रस्त्यावर झाड पडले होते आणि जीप निघू शकत नव्हती.

एवढ्यात माझे लक्ष पत्नीकडे गेले. तिच्या कपाळावर घाम होता. तिला साखरेचा आजार आहे. सकाळची गोळी तिने नेहमीप्रमाणे घेतली होती, आणि गोळीनंतर लगेच खावे लागते, नाहीतर अंगातली साखर एकदम उतरते. समोर उपमा निवत होता.

"आई, दोन घास खाऊन घ्या ना," सून म्हणाली.

"यांचं झाल्याशिवाय? आजवर नाई खाल्लं, आता काय जंगलात येऊन सुरू करू?"

"आई, हात थरथरून राह्यले तुझे," मुलगा म्हणाला.

"थंडी आहे."

"घाम येऊन राह्यला, अन् म्हणे थंडी! साखर तरी टाक तोंडात."

"तू खा," मी म्हणालो. "माझी आज्ञा आहे."

"आज्ञा-बिज्ञा राहू द्या. तुमचं होऊ द्या, मग मी खाते. मले काऊन घाई करता सगळे?"

देवाच्या आधी जेवायचे नाही हा माझा नियम. माझ्या आधी जेवायचे नाही हा तिचा. मनाने कल्पिलेली तुळस वाहण्याची सोय शास्त्रात आहे, हे मला ठाऊक होते. मी डोळे मिटूनही पाहिले. पण मानसपूजेला चित्त स्थिर लागते, आणि माझे चित्त तिच्या हातांवर होते. डोळे उघडले तेव्हा ती नातीशी काही बोलत होती व शब्द अडखळत होते.

मी शाळिग्रामाची डबी झाकली, उपम्याची थाळी ओढली आणि घास तोंडात घातला.

मी घास चावला आणि गिळला.

"माझे झाले," मी म्हणालो. "आता जेव."

पत्नी माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने आपली थाळी जवळ घेतली. पहिले दोन घास सुनेला भरवावे लागले. पुढचे तिचे तिने घेतले. बराच वेळ गेल्यावर घाम निवला आणि ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

तिला बरे वाटत आहे, हे सर्वांना कळले.

"आर्वीच्या देवळातल्या लोकांना सांगू नका," ती मला म्हणाली. "तुमच्या पाया पडतात ते."

"विचारले तर सांगेन. उद्यापासून गोळी घेतली की तू आधी जेवायचे."

"ते घरी गेल्यावर पाहू."

"घरी गेल्यावर नाही. इथेच ठरवू."

ती माझ्या थाळीकडे बोट करून म्हणाली, "बरं. पण आता ते उष्टं टाकू नका. संपवा."

मी संपवले. मीठ खरोखरच कमी होते.