कोंडाजी तांडेलाची मूठ

गोवा सुटला त्याच्या आदल्या वर्षी, शिमगा सरल्यावर, रेवदंड्याच्या कोंडाजी तांडेलाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू जमिनीला टेकला. हात मात्र वाळत घातलेल्या बोंबलासारखा लोंबत राहिला.

मग गाव आलं. गावाला दुसऱ्याचा आजार फार आवडतो. अंबाजी भगताने कबुतर कापून त्याचं ऊन रक्त दंडाला चोळलं, हात फडक्याने गळ्यात बांधला, "हलवू नको" म्हणाला आणि कबुतर रश्श्यासाठी घरी नेलं. न हलवण्याचा सल्ला कोंडाजीला मनापासून पटला. तो ओटीवर बसला, डाव्या हाताने जेवू लागला, आल्यागेल्यासमोर डोळे पुसू लागला. वादळात सुकाणू धरून मचवा खाडीत आणणारा तांडेल लोकांच्या कीवेवर सुखाने लठ्ठ होत होता.

मचव्याचं सुकाणू धाकट्या भावाकडे, दादूकडे गेलं. "दादा, जागा तुझीच हाय," असं दादू रोज म्हणे, आणि रोज त्या जागेवर जरा जास्त पसरून बसे. पण त्यांच्या घराण्यात एक रीत होती. नारळी पौर्णिमेला जो उजव्या हाताने समुद्राला नारळ सोडेल, वर्षभर सुकाणू त्याचं. दादू पौर्णिमेची वाट बघत होता.

कोंडाजीची बायको केसर बाजारात मासळी विके. तिची जीभ कोयत्यासारखी. नवऱ्याचं दुखणं तिने सोसलं. भातातला डावा हात तिला सोसवेना.

"ज्या हातानं धुतंस त्याच हातानं खातंस? शी!"

एके दिवशी तिने जाळ्याच्या दोरीने त्याचा डावा हात खांबाला बांधला आणि ताट पुढे सारलं.

"काय गो, मारतंस काय मला?"

"न्हाय. जेव."

"उजवा उठत न्हाय."

"मंग बस ताटाकडं बघत."

तो बघत बसला. शेजारणी कुंपणावरून केसरला हडळ म्हणाल्या. त्यांना आंबलेल्या जवळ्याइतकीही किंमत तिने दिली नाही. दुसऱ्या दिवशी भुकेने कोंडाजीची लाज मोडली. हात ताटापर्यंत घसटत गेला, तोंड खाली आलं, भात हनुवटीला लागला. गळ्यातलं फडकं केसरने चुलीजवळ हात पुसायला घेतलं.

जेवण झालं की ती त्याच्यापुढे फाटकं जाळं टाके. आंबे संपेपर्यंत बोटं मिटू लागली. पण मिटली की उघडत ना. सुतळीचा गुंडा मुठीत अडके, आणि जोर करावा तशी मूठ आणखी घट्ट होई. गुंडा ओढून काढताना केसरला कळलं, मनगट खाली वाकवलं की बोटं आपोआप सैल पडतात.

"एवढा मोठा तांडेल," ती म्हणाली, "आन् मूठ तान्ह्या पोराची."

पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर आलं, समुद्रासाठी थोडं आणि कोंडाजीची फजिती बघण्यासाठी बरंच. दादू नवा सदरा घालून, जवळ एक नारळ ठेवून उभा होता. "असावा आपला," म्हणाला.

कोंडाजी गुडघाभर पाण्यात शिरला. उजव्या मुठीत नारळाची शेंडी. हात छातीपर्यंत उठला, पुढे झोकला गेला. नारळ मात्र मुठीतच.

"तांडेल, घरी नेऊन चटणी कर!" कोणीतरी ओरडलं. हसू पसरलं. कोंडाजीने पुन्हा हिसका दिला. बोटं आणखी आवळली. घामाघूम होऊन त्याने डावा हात पुढे केला.

"डावा लावलास तर बघ!" केसर लुगड्यासकट पाण्यात शिरली होती. "मनगट टाक, मेल्या! वाकव!"

त्याने मनगट वाकवलं. बोटं एकेक करून उघडली. नारळ त्याच्या गुडघ्याशी डुबकन पडला, आणि परतणाऱ्या लाटेने तो आत नेला.

"हे काय सोडणं झालं?" दादू म्हणाला.

"समुद्रानं घेतला, तू कोण विचारणारा?" केसरने कोंडाजीची बोटं पुन्हा मिटवून मूठ पुढे केली. "आन् सुकाणू सोडायचं नसतं, धरायचं असतं. ये, सोडव ती मूठ."

दादूने आपला नारळ काखेत मारला आणि तो घरी गेला.

दुसऱ्या सकाळी कोंडाजी एक कोंबडा घेऊन अंबाजी भगताकडे गेला. "कबुतराचा गुण आला," असं त्याने वाटेत भेटेल त्याला सांगितलं.

दुपारी केसरने त्याचा डावा हात खांबाला बांधला, नेहमीपेक्षा जरा करकचून.

"जेव, तांडेल. अजून भात सांडतंस."