केवळरामजींची रॅम

गोंदियातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाईक आधी विचारतं, डब्यात रंगीत लाइट किती लागतात. माझं डोकंच फिरतं. लाइट लावल्याने कॉम्प्युटर पळत नाही. म्हणून लाइटचं नावही न काढणारे, इथल्याच गोरेगावचे केवळरामजी मला पहिल्याच भेटीत आवडले.

घरची धानाची शेती. एकुलती एक मुलगी आचल पुण्यात बंगल्यांची थ्रीडी चित्रं करते. दिवाळीत ती सहज बोलून गेली, "घरी चांगलं मशीन असतं तर इथूनच काम केलं असतं, बाबा." मुलं बोलून मोकळी होतात. बापाने ते मनावर घेतलं.

त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'राम - चांगला.'

"काका, राम तर तुमच्या नावातच आहे," मी म्हटलं. "केवळ रामच नेता, का बाकी कॉम्प्युटरबी घेता?"

ते पोटभर हसले. मग मी रॅम म्हणजे काय ते सांगितलं : काम करताना मशीन एका वेळी जेवढं डोक्यात धरतं, तेवढी ती जागा. किती टाकू?

"पोरगी घरी थांबली पायजे. तेवढी टाक."

असं माप मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी बत्तीस जीबी रॅमच्या दोन स्टिक काढल्या.

"दोन कायले? एकच मोठी दे नं."

"एका बैलानं नांगर चालते का, काका? जोडीच लागते."

हे त्यांना लगेच पटलं.

उन्हाळ्यात आचल आली. तिची सगळ्यात जड फाईल न अडकता उघडली. केवळरामजी मला रोज फोन करायचे, "इथंच बसून काम करून रायली रे!" असा आनंद मी कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता. नवव्या दिवशी तिने बॅग भरली. म्हणाली, "मशीन एक नंबर आहे बाबा, पण मला तिकडेच राहायला आवडते."

नेटचं, लाइन जाण्याचं काही कारण दिलं असतं तर बापाने ते दुरुस्त तरी केलं असतं. मला तिचा राग आला, आणि ती खरं बोलली म्हणून येईनासाही झाला.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी केवळरामजी दुकानात हजर.

"भुपेंद्र, त्या बोर्डावर रॅमच्या अजून दोन खाचा खाली आहेत म्हणे?"

"आहेत. पण चारही भरल्या तर स्पीड उलट कमी होते, काका. आचल काही म्हणाली का?"

"नाही. ती कायले म्हणंल?" त्यांनी खिशातून पैसे काढले. "तरी भरून दे. कुठीतरी कमी पडलंच असंन."