पोकळ घाणा आणि शनिवार

भुतंखेतं, करणी... मी यातलं काहीही मानत नाही. पेणला माझं नाटक-गॅदरिंगचे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान आहे. दाढी चिकटवली की कोणीही महाराज होतो, हे रोज बघणारा माणूस मी. मला कोण घाबरवणार?

रोह्याला लागून वरसे आहे, तिथे कादंबरीवरच्या एका सिनेमाचं शूटिंग होतं. कपड्यांच्या मदतीला मी. नायक आपल्याकडचा ज्यू तेली. धर्मानं शनिवारी सूर्य बुडेपर्यंत या लोकांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. तर मुंबईच्या कॉस्च्युमवाल्या मॅडमनी त्याला चढवला पायघोळ काळा कोट आणि काळी हॅट. मे महिन्यात, घाण्यावर! कादंबरी वाचलीत का विचारलं, तर म्हणाल्या, "समरी वाचलीय."

ज्यांच्या अंगणात सेट होता, त्या एस्तेरमावशी त्याच समाजातल्या. बाकी सगळे इस्रायलला गेलेले. वडील तेली, पण त्यांचा फोटो एकही नाही. मावशींनी त्यांची जपून ठेवलेली बंडी, धोतर, टोपी इस्त्री करून आणली.

"माझ्या नातवंडांनी बाबांना बघितलं नाय. पिच्चरमधेच बघतील. हा कोटवाला कोण हाय?"

डायरेक्टर हसला. "मावशी, पब्लिकला ज्यू वाटला पाहिजे ना." जन्मभर ज्यू असलेल्या बाईला हा शहाणा शिकवत होता.

"मग उद्या तरी घाणा फिरवू नका. शनवार हाय."

कोण ऐकतो... शनिवारी सकाळीच बैल जुंपला. घाणा आमच्या पेणजवळच्या जोहे गावच्या मूर्तिकारांनी बनवलेला, फायबरचा, आतून पोकळ. एका माणसानं टेम्पोतून उतरवला होता. पण बैल वाकून ओढतोय आणि घाणा ढिम्म — फिरेना, कलंडेनाही. बैल बदलला. मग लाइटवाले सगळे ढकलायला लागले. दिवसभर हाच तमाशा, आणि मॅडम हॅटचा कोन नीट करतायत.

सूर्य बुडाला, पॅकअप झालं. घामानं भिजलेल्या नटानं कोट फेकला आणि मावशींच्या बाबांचे ते सुती कपडे चढवून बाहेर आला. अजून जुंपलेलाच असलेला बैल आपणहून चालू लागला. घाणा कुरकुरत फिरला. मी मोबाईलवर घेतलं. मावशी पुढे येऊन बघत राहिल्या.

सिनेमा आला तो काळ्या कोटातच. मावशी बघायला गेल्या नाहीत. पोकळ फायबर दिवसभर कशानं अडलं, ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला कळलं तर सांगा.

माझा व्हिडिओ मावशींनी नातीला पाठवला. तिनं फोन करून विचारलं, हे कोण?

"माझे बाबा," मावशी म्हणाल्या.

नट होता तो. मी शेजारीच बसलो होतो, पण बोललो नाही.