चारोटीच्या टेबलावरून उठलो तेव्हा

जे इथे लिहितोय ते माझ्या बायकोला माहीत नाही. वखारीत इतकी वर्षं माझ्याबरोबर राबणाऱ्या माणसांना माहीत नाही. देवासमोरही मी ते कधी शब्दांत म्हटलेलं नाही — हात जोडतो, दुसरंच काहीतरी मागतो आणि परत येतो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. बहुतेक म्हणूनच तुम्हाला सांगायची हिंमत होतेय.

गेल्या ऑलिम्पिकच्या दिवसांत मी चारोटीला, हायवेच्या कडेच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर कुठल्याशा कॉलेजातले एक सर मोबाइलवरची यादी मोठ्याने वाचत होते. ऑलिम्पिकला सगळ्यांत जास्त खेळाडू देणारी विद्यापीठं. वरती सगळी अमेरिकेतली. मग आपल्याकडची दोन-चार. वाचून झाल्यावर सर म्हणाले, "बघा, विद्यापीठं कशी खेळाडू घडवतात."

माझं डोकं फिरलं. मी कप खाली आपटला आणि म्हणालो, "सर, झाड आमचं, पाणी आमचं, राखण आमची. तुमचं विद्यापीठ फक्त खोक्यावर छाप मारतं."

सरांनी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. गल्ल्यावरचा पोरगा हसून म्हणाला, "शेठ आज तापले." पलीकडे भजी खात बसलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "तापले कुठे? शेठ खरं ते बोलले." मग मी आणखी बोलत सुटलो — आमच्या डोंगरातल्या पोरांबद्दल, त्यांच्या दमाबद्दल, कोणी त्यांना विचारत नाही त्याबद्दल. लोक माना डोलवत होते. निघताना ड्रायव्हरने माझा खांदा दाबला.

गाडीत बसलो आणि चावी न लावता तसाच बसून राहिलो. रागाने? नाही. ज्या गोष्टीवर मी एवढा तावातावाने बोललो, तिच्यात चोर मीच होतो. आणि तेही त्याच हॉटेलात.

सांगतो. थोडा वळसा घेऊन सांगतो, सरळ मला जमणार नाही.

डहाणू रोडला माझी चिकूची वखार आहे. सुरुवात स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसण्यापासून झाली. बापाने काही ठेवलं नव्हतं, आणि मी कोणापुढे हात पसरला नाही. मला जे येतं ते एकच — सौदा. समोरचा कुठे अडलाय, त्याला कशाची भीती आहे, हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. आणि माझं शेवटचं हत्यार म्हणजे उठून जाणं. बोलणं अडलं की मी टॉवेल खांद्यावर टाकतो आणि चालायला लागतो. दारापर्यंत पोचायच्या आत मागून हाक येते. नेहमी येते.

माझं दुखणंही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा माल दिल्लीला जातो आणि तिथे दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात भरला जातो. खाणारा त्या नावाची तारीफ करतो. माझं नाव माझ्या वखारीच्या पाटीपलीकडे कुठे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. हे मला आतून खात आलंय. तुम्ही म्हणाल, धंदा आहे, चालायचंच. मला नाही चालत.

लखमीबाई माझ्याकडे फळ निवडायला येते — मोठं, मध्यम, बारीक. तलासरीकडच्या झरी गावची. तिची मुलगी मंजुळा कॉलेजात होती तेव्हा लखमीबाईने एकदा विचारलं, "शेठ, पोरीची पळायची शर्यत हाय पालघरला. टेम्पो तिकडे जातोय का?" जात नव्हता. मी म्हणालो, चल, मीच सोडतो. फुकट उपकार करून ठेवावेत, कधी ना कधी कामाला येतात — अशा विचाराने गेलो.

तिथे मी तिला पळताना पाहिलं. बुटकी मुलगी, लहान लहान पावलं. पण ती पावलं शेवटच्या फेरीतही तशीच पडत होती, जशी पहिल्या फेरीत. बाकीच्या मुली वाकड्या-तिकड्या झाल्या होत्या. मला खेळातलं काही कळत नव्हतं. माल कळत होता.

त्यानंतर तिला मी सोडलं नाही. ओहोटीला डहाणूच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पळवायचो आणि स्वतः घड्याळ धरून उभा राहायचो. व्हिडिओ बघून शिकलो — किती पळवायचं, केव्हा थांबवायचं, काय खाऊ घालायचं. तिच्या बुटांसाठी मी दुकानदारांशी जितका भांडलोय तितका स्वतःच्या पोरांच्या लग्नातही भांडलो नाही. ती मला काका म्हणायला लागली. पुढे ती राज्याच्या स्पर्धेत नंबरात आली. कॉलेजात सत्कार झाला तेव्हा माइकवरून प्राचार्यांचं नाव घेतलं, खेळाच्या सरांचं घेतलं — ते सर एकदाही किनाऱ्यावर आले नव्हते — आणि मी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होतो. मंजुळेने घरी येताना हार माझ्या मांडीवर ठेवला. मी तो गाडीच्या मागच्या सीटवर भिरकावला. तिला वाटलं, काका दमलेत.

मग पंजाबातल्या एका विद्यापीठाच्या मॅडम आल्या. त्यांच्याकडून शिकून खरोखर ऑलिम्पिकला गेलेली माणसं होती. त्यांनी मंजुळेला राज्याच्या स्पर्धेत पाहिलं होतं. मंजुळेकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता, सगळीकडे माझाच नंबर दिलेला. त्यांनी मला चारोटीला, त्याच हॉटेलात बोलावलं. मंजुळेला मी मुद्दाम नेलं नाही. सौद्याच्या वेळी माल समोर नको — हो, मी तेव्हा हाच शब्द मनात वापरला होता.

मॅडम शांत होत्या. राहणं, जेवण, शिक्षण, सराव, सगळं ते बघणार होते. मुलीला फक्त पाठवायचं होतं. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस काय करेल? हात जोडेल आणि हो म्हणेल. मला मात्र समोरच्याने लगेच सगळं दिलं की वाटतं, अजून काहीतरी हातात ठेवलंय याने. मी म्हणालो, जिथे जिथे हिचं नाव लागेल तिथे प्रशिक्षक म्हणून माझं नाव लागलं पाहिजे. लेखी.

त्या म्हणाल्या, तिथे तिला दुसरे प्रशिक्षक शिकवणार, त्यांचं नाव लागतं, तशीच पद्धत आहे. मी आवाज चढवला. सत्कारापासून दिल्लीच्या खोक्यांपर्यंत सगळं त्यांच्या अंगावर काढलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "भाईसाहब, नाम तो लड़की का होगा ना."

मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठलो.

हळूहळू चाललो. दारापाशी पोचलो. पायऱ्या उतरलो. गाडीचं दार उघडून उगाच आत काहीतरी शोधल्यासारखं केलं. हाक आली नाही. वळून पाहिलं तर मॅडम बिल देऊन रिक्षाकडे निघाल्या होत्या. डहाणूहून संध्याकाळच्या गाडीने जाणार, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. स्टेशन माझ्या वखारीपासून चालत जाण्याएवढं. दुपार अख्खी माझ्यासमोर पडली होती. मी गेलो नाही.

इथपर्यंत गर्व होता म्हणा, ताठा म्हणा. इथवरचं मी कदाचित कोणाला सांगूही शकलो असतो. पुढचं नाही.

मंजुळा वखारीत वाट बघत होती. आईशेजारी बसून फळं निवडत होती, पण बारीक फळ मोठ्यात टाकत होती. मला पाहून उभी राहिली. काय सांगणार होतो मी? की तुझ्या काकाला स्वतःचं नाव हवं होतं म्हणून तुझं राहिलं? मी म्हणालो, "नाही घेत म्हणाल्या."

"का?"

आणि आता हे ऐका. मी मघाशी म्हणालो ना, समोरच्याला कशाची भीती आहे हे मला कळतं. मंजुळेची भीती मला केव्हापासून ठाऊक होती. उंच मुली शेजारी उभ्या राहिल्या की ती आपले पाय बघायची. मी म्हणालो, "पाय आखूड आहेत म्हणाल्या. इथवर ठीक, पण त्या पातळीला असे पाय चालत नाहीत."

दुसरं कुठलंही कारण दिलं असतं तर तिने वाद घातला असता. मला वाद नको होता. ती एकदाच म्हणाली, "काका, खरंच असं म्हणाल्या?" मी ओरडलो, "म्हणजे काय, मी खोटं सांगतोय?" अख्खी वखार थांबली. लखमीबाईने मुलीला खाली बसवलं. मंजुळा पुन्हा फळं निवडायला लागली. या वेळी एकही चुकलं नाही.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही हाच असता तर बरं वाटलं असतं.

आठवड्याभराने मॅडमचा फोन आला. मी फोन घेऊन टेम्पोच्या मागे गेलो. त्या म्हणाल्या, वर बोलले आहे. मुलीचे पहिले प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव नोंदवायला ते तयार आहेत. आता पाठवा तिला. म्हणजे हाक आली होती. उशिरा, पण आली होती. मी सौदा जिंकलो होतो — जे मागितलं होतं ते मिळालं होतं, मुलीलाही आणि मलाही. फक्त आत जाऊन एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी मी खोटं बोललो.

एक वाक्य. तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही. ती मला काका म्हणत होती. तिच्या तोंडावरचा तो विश्वास जाईल, लखमीबाईसमोर मान खाली जाईल, आणि गावभर होईल — हे मी तोललं. तिचं आयुष्य दुसऱ्या पारड्यात होतं. मला ते हलकं वाटलं. दुसरं काय म्हणू?

मी म्हणालो, "लड़की तैयार नहीं है." मॅडम म्हणाल्या, एकदा तिच्याशी बोलू द्या. मी म्हणालो, ती शेतावर आहे, तिकडे रेंज येत नाही. ती टेम्पोच्या पलीकडे होती. तिच्या हसण्याचा आवाज मला येत होता.

आत आलो. लखमीबाईने विचारलं, "कोणाचा फोन होता, शेठ?"

"मालाचा," मी म्हणालो.

मॅडमनी नंतर आणखी एकदा फोन केला. मी उचलला नाही.

मंजुळेने त्या पावसाळ्यात पळणं सोडलं. रडली नाही, रुसली नाही. आता ती एका कंपनीत पॅकिंगला जाते. लग्न झालं, मी थाटात केलं. अजूनही चार माणसांत म्हणते, काकांनी माझ्यासाठी खूप केलं, माझंच शरीर कमी पडलं. असं म्हणाली की मी पाणी मागतो, नाहीतर कोणावर तरी खेकसतो.

चारोटीला सरांशी भांडल्यानंतरच्या रविवारी मी झरीला गेलो. सुट्टीच्या दिवशी ती तिथल्या शाळेच्या मैदानावर लहान मुलांना पळायला शिकवते. मी पोरांसाठी केळी घेऊन गेलो होतो. ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. खरंच ठरवलं होतं.

मुलं मैदानाला फेऱ्या मारत होती. त्यांत एक छोटी मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, बुटकी. लहान लहान पावलं, एकसारखी. बाकीची मुलं थांबली तरी ती थांबेना. मी हातातलं केळ्यांचं क्रेट खाली ठेवायचं विसरलो.

मंजुळेने तिला हाक मारून बोलावलं आणि जवळ घेतलं. फार मायेने बोलली. म्हणाली, "बयो, तू खो-खोला जा. लांब पळायच्या नादी लागू नको. आपले पाय आखूड आहेत गं. माझेपण असेच. उगाच वर्षं जातात आणि मग कोणीतरी सांगतं. त्यापेक्षा मी आत्ताच सांगते."

त्या मुलीने मान वाकवून आपल्या पायांकडे पाहिलं.

मग मंजुळा माझ्याकडे वळली. "काका, तुम्हीच सांगा हिला. तुमच्यासमोरच बोललेल्या ना त्या मॅडम? बरोबर आहे ना?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी मान हलवली. हो म्हणून.

मुलगी खो-खोच्या खांबाकडे चालत गेली. मी केळी वाटली. सगळ्यांना पुरली.

हे आधी मंजुळेला सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगितलं.