चिंचपाडा नावाचा पाडा नाही

तलासरीच्या डोंगराकडचे पाडे कुठल्याच नकाशात नव्हते. २०१६ च्या पावसाळ्यात बाळंतिणीला न्यायला आलेली गाडी हायवेवरच्या अच्छाडहून तीनदा भलत्याच रस्त्याला लागली, तेव्हा सुषमाने मनावर घेतलं. ही बी.ए. झालेली, झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी सून. इंटरनेटवर तिला एक नकाशा सापडला. त्यात कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा. अट एकच, नकाशा स्वयंसेवकांनी केलाय हे खाली लिहायचं.

मग दोन वर्षं दर रविवारी मोबाइल हातात धरून ती पायवाटा तुडवत राहिली. त्या त्या पाड्यावरच्या ठकी, बारकी, काळी वाट दाखवायला बरोबर यायच्या. एकेचाळीस पाडे झाले. नवरा, उमेश, म्हणायचा, "लोक रविवारी पाय पसरतात, तू रस्ते मोजतेस. कोण विचारतंय तुला?" पण तिच्या तुटलेल्या चपला तोच शिवून आणायचा.

एका पाड्यावर मात्र फसगत झाली. गडी माणसं झाईच्या बंदरावर मासेमारीच्या बोटींवर गेलेली, घरी एकट्या नवशीकाकी. पाड्याचं नाव विचारलं तर दारातल्या चिंचेकडे बघत म्हणाल्या, "चिंचपाडा लिव," आणि पुढची वाट दाखवायला बरोबर चालू लागल्या. महिन्याने कळलं, तो लडक्यापाडा. लडक्या म्हणजे काकींचे सासरे. सासऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं, म्हणून काकींनी पाड्याचं नवं बारसं करून टाकलेलं. सुषमा पोट धरून हसली आणि त्याच दिवशी नाव दुरुस्त केलं.

२०१८ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका संस्थेने तलासरीत कार्यक्रम ठेवला. पाड्यापाड्यांवरून बायका आलेल्या. भिंतीवर दारापेक्षा मोठा नकाशा, वर 'आमचे सर्वेक्षण', खाली शहरातली सहा नावं. स्वयंसेवकांची ओळ कुठेच नाही. टाळ्या वाजल्या. सुषमाचे हात मांडीवरच राहिले. वळण न् वळण तिच्या पायाखालचं होतं. उमेशचंच खरं, उद्यापासून बंद, असं तिने ठरवलंसुद्धा. तेवढ्यात नजर चिंचपाड्यावर गेली.

ती उठली आणि नकाशाशेजारी उभ्या असलेल्या संस्थेच्या साहेबांकडे वळली. "साहेब, हा चिंचपाडा कुणी सांगितला तुम्हाला?"

"आमची टीम घरोघर फिरली, ताई."

"चिंचपाडा नावाचा पाडाच नाही. ती माझी चूक. एकच महिना नकाशात होती, तेवढ्यात तुम्ही उचललीत."

मागून नवशीकाकी बोलल्या, "तिला काय बोलता? खोटं मीच सांगलेलं."

बायका हसल्या. साहेबही कसंनुसं हसले. "पण ताई, ते तर फुकटच असतं ना? वापरावं म्हणूनच टाकता तुम्ही."

"फुकटच आहे. पुढेही फुकटच देणार. करणाऱ्यांना पुसून टाकायची मुभा कुणी दिली?"

"पुढच्या छपाईत बघू."

"आत्ताच बघू की."

टेबलावरचा मार्कर उचलून तिने चिंचपाड्यावर काट मारली, शेजारी लडक्यापाडा लिहिलं. मग नकाशाच्या खालच्या पट्टीवर, सहा नावांना हात न लावता, लिहिलं, 'नकाशा केला सुषमाने.'

"अहो, प्रदर्शनात लावायचाय तो."

"म्हणून तर ठळक लिहितेय."

"माझं घातलंस का गं?" काकींनी विचारलं. 'वाट दाखवली नवशीने,' तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मग ती बायकांकडे वळली. "आणखी कोण आलं होतं माझ्याबरोबर?" ठकीने हात वर केला. बारकीला शेजारणीने उभं केलं.

पट्टी भरत आली. साहेबांनी हात पुढे केला. "मार्कर द्या ताई."

"थांबा," सुषमा म्हणाली, "काळीचं राहिलंय."